राखून ठेवलेलं पाणी

४ मार्च

बाबा,

वर 'तीर्थरूप' आणि खाली 'साष्टांग नमस्कार' लिहिला असता, तर मला काहीतरी हवंय हे तुम्ही पहिल्याच ओळीत ओळखलं असतंत. मला काही नकोय. म्हणून नुसतं बाबा.

आज वीज कार्यालयात माझ्या चौकशी समितीची नावं लागली. एक निवृत्त न्यायाधीशबाई, एक हिशेब तपासनीस, आणि तिसरं नाव तुमचं. फलकासमोर उभी राहून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मागे आमची हवामानवाली उभी होती. ती म्हणाली, "अगं, हे तुझे..." मी म्हटलं, "हो, माझेच," आणि चहा प्यायला निघून गेले.

मोठ्या साहेबांच्या डोक्याला मानलं पाहिजे. मुलीच्या चौकशीला बापाला बसवलं तर लोक बोंब मारतील, असं कोणालाही वाटेल. पण आपल्या दोघांत काय चाललंय, म्हणजे काय चालत नाही, ते इथे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या माणसाने इतकी वर्षं मुलीशी एक शब्द बोलला नाही, तो पक्षपात करून करून कोणत्या बाजूने करणार? साहेबांनी हा हिशेब करूनच तुम्हाला बोलावलंय. आणि तुम्ही 'हो' म्हणालात.

जिन्याजवळ तुमचा, तुम्ही इथले साहेब होतात तेव्हाचा, तो फोटो अजून आहे. 'यांनी गावातला एकही दिवा विझू दिला नाही.' मी रोज त्याच्यासमोरून जिना चढते. काच पुसलेली असते. कोण पुसतं ते विचारू नका.

काय घडलं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. तिथे मी खलनायिका आहे. आता माझ्याकडून ऐका.

थंडी ऐन भरात होती आणि ज्याच्या पाण्यावर आपली वीज बनते तो तलाव निम्म्याच्याही खाली गेला होता. बाहेरून येणारी विजेची मोठी लाईन दुरुस्तीला काढलेली, ती कधी सुरू होईल ते कोणी छातीठोकपणे सांगेना. राहिल्या डोंगरावरच्या पवनचक्क्या. हवामानवाली सकाळी म्हणायची वारा येईल, दुपारी म्हणायची वाटत नाही बाई. तिचा काही दोष नव्हता, आकाशच धरसोड करत होतं. माझ्या प्रोग्रामने पुढचे दिवस कसकसे जाऊ शकतात याच्या शेकडो तऱ्हा मांडल्या. वारा आहे, नाही. लाईन आली, नाही आली. बऱ्याच तऱ्हांमध्ये सगळं आलबेल होतं. पण काही थोड्या तऱ्हांमध्ये तलाव तळाला जात होता आणि गाव ऐन थंडीत अंधारात बसत होतं, रुग्णालयासकट. त्या थोड्या तऱ्हांसाठी प्रोग्राम म्हणाला, तलावातलं एवढं पाणी राखून ठेवा, त्याला हात लावू नका. राखीव पाण्याचा नियम म्हणतात तो हाच.

मी हात लावला नाही. त्याऐवजी डिझेलचे जुने संच चालवले. ते किती महाग पडतात आणि किती खोकतात ते मी तुम्हाला काय सांगू. शिवाय कागद गिरणीला ऐनवेळी काही पाळ्या बंद ठेवायला सांगितलं.

आणि मग वारा सुटला. असा सुटला की पवनचक्क्यांनाच आवरायची पाळी आली. लाईन वेळेआधी सुरू झाली. अवकाळी पाऊस कोणी न बोलावता आला. तलाव काठोकाठ भरला आणि दरवाजे उघडावे लागले. मी इतकं जपलेलं पाणी सांडव्यावरून धो धो वाहून गेलं, त्यातून एक दिवासुद्धा पेटला नाही. लोक पुलावर उभे राहून फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'आधी गिरणी बंद, मग पाणी वाया!' त्या उद्गारचिन्हापुरतं मलाही हसू आलं.

सगळे म्हणतात माझं चुकलं. माझं चुकलेलं नाही. त्या दिवशी जे माहीत होतं, त्यावरून तेच करणं बरोबर होतं. नंतर वारा सुटला हा वाऱ्याचा प्रश्न आहे. समितीसमोर मी हेच सांगणार आहे, आणि तुम्ही समोर बसलात म्हणून त्यातला एकही शब्द मऊ करणार नाही.

तुमची,
शंकासुर
(तुम्हीच ठेवलेलं नाव आहे. अजून चालतंय.)


९ मार्च

बाबा,

दादाचा फोन आला. तुम्ही माझं पत्र वहिनीकडून मोठ्याने वाचून घेतलंत म्हणे, आणि म्हणालात, "तिला सांग, पत्रं पाठवून समितीवर दबाव आणू नकोस." दादा बिचारा दोन्हीकडून मार खातो. त्याने निरोप दिला आणि लगेच हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

दबाव? ठीक आहे. मागच्या पत्राची प्रत मी न्यायाधीशबाईंना आणि तपासनिसांना पाठवून दिली आहे. या पत्राचीही पाठवते. म्हणजे तिघांवर सारखाच दबाव येईल.

तुमचं दुसरं वाक्य दादाने सांगायचं टाळलं होतं, ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. "दर तासाला बेत बदलणाऱ्या माणसाचा भरवसा काय?" हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. तुमचा मोठा तक्ता नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरून उतरवला, त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणाला होतात.

तो तक्ता मला आवडायचा. पाऊस संपला की तुम्ही टेबलावर कागद पसरून बसायचात आणि आई आम्हाला त्या खोलीत फिरकू द्यायची नाही. कोणत्या आठवड्यात किती पाणी सोडायचं, ते सबंध वर्षाचं एका बैठकीत ठरायचं. मग वर्षाने निमूटपणे त्या रेघेवरून चालायचं. वर्ष चाललं नाही की तुम्ही वर्षावर चिडायचात.

मी काय करते, ते तुम्हाला कोणी धड सांगितलेलं दिसत नाही. प्रोग्राम पुढच्या दोन दिवसांचा पूर्ण बेत करतो. कोणता संच कधी चालवायचा, तलावातून किती सोडायचं, सगळं. त्यातला पहिला तास आम्ही अमलात आणतो. उरलेला सगळा बेत फेकून देतो. तासाभराने वारा किती आला, लोकांनी किती वीज ओढली ते बघतो आणि पुन्हा पुढच्या दोन दिवसांचा बेत करतो. पुन्हा पहिला तास घेतो, बाकीचा फेकतो. दिवसभर हेच.

तुम्हाला हा पोरखेळ वाटतो. फेकायचाच तर करायचा कशाला? बाबा, तो उरलेला बेत केल्याशिवाय पहिला तास नीट ठरतच नाही. परवा काय होऊ शकतं याचा विचार करून आज एक पाऊल टाकायचं, आणि परवाबद्दल हट्ट धरायचा नाही. मला यात धरसोड दिसत नाही. चुकलो तर कळावं म्हणून डोळे उघडे ठेवणं दिसतं.

आता एक गंमत सांगते. समितीला ती माझ्याविरुद्ध वापरायची असेल तर खुशाल वापरावी. प्रोग्राम नवा होता तेव्हा आम्ही तो जुन्या वर्षाच्या आकड्यांवर चालवून बघितला, आणि त्याने प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस तलाव पार खरवडून रिकामा केला. आम्ही चक्रावलो. कुठे उणे चिन्ह राहिलंय का, म्हणून सगळा प्रोग्राम पालथा घातला. शेवटी हवामानवाली म्हणाली, "अगं, त्याला तिसरा दिवस आहे हेच माहीत नाही." तेच निघालं. प्रोग्रामच्या लेखी दोन दिवसांनंतर जग बुडणार होतं, मग पाणी ठेवायचं कोणासाठी? आमच्या धंद्यात ही चूक बहुतेक सगळे एकदा करतात. उपाय सोपा आहे. दोन दिवसांच्या शेवटी जे पाणी उरेल त्यालाही मोल द्यायचं, म्हणजे प्रोग्राम ते जपतो.

राखीव पाण्याचा नियम त्याचाच थोरला भाऊ आहे. साहेबांना तो नियम काढून टाकायचा आहे. कारण त्यांचं जग त्यांच्या बढतीच्या दिवशी बुडतं. त्या दिवसापर्यंत जेवढ्या पाण्याची वीज करून विकता येईल तेवढं त्यांना विकायचंय. पुढच्या वर्षी दुसरा साहेब येईल, तलावाचं तो बघेल.

ही चौकशी माझ्या नोकरीसाठी चाललेली आहे असं दादाला वाटतं. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. हा नियम गेला तर पुढच्या एखाद्या कोरड्या थंडीत या गावाला दुसरं काही मिळणार नाही.

शंकासुर


१५ मार्च

बाबा,

या पत्राची प्रत मी कोणालाही पाठवलेली नाही. हे वहिनीकडून वाचून घेऊ नका. चष्मा शोधा आणि स्वतः वाचा.

काल साहेबांनी खोलीत बोलावलं. तुमची जुनी खोली. आता तिथे गालिचा आहे आणि तलावाकडची खिडकी कपाटाने झाकली आहे. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. वर माझं नाव, खाली एक वाक्य: 'राखीव पाण्याबाबतचा माझा निर्णय चुकीचा होता, सबब तो नियम मागे घ्यावा अशी मी शिफारस करते.'

"सही करा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. "चौकशी इथेच संपेल. तुमची जागाही तशीच राहील."

"यात 'निर्णय' खोडून 'निकाल' लिहा, लगेच सही करते."

"म्हणजे?"

"निकाल वाईट लागला, हे कबूल. निर्णय चुकीचा नव्हता."

"बाई, शब्दांचा कीस कशाला पाडताय? पाणी वाहून गेलं ना?"

"गेलं."

"मग?"

"साहेब, तुम्ही गाडीत बसल्यावर पट्टा लावता. घरी सुखरूप पोचलात, तर पट्टा लावला ही चूक झाली म्हणून कागदावर सही करता का?"

साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुमच्याच वडिलांकडे बघा की. त्या वर्षी त्यांनी तलाव तळाला नेला, पण गाव उजेडात ठेवलं. याला म्हणतात धमक. समितीसमोर मी हेच मांडणार आहे. बापाने काय केलं आणि मुलीने काय केलं. लोकांना लगेच पटेल."

मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला आणि बाहेर आले.

म्हणजे तुमची ती थंडी पुन्हा माझ्यासमोर उभी राहणार. ज्या थंडीवरून आपलं बोलणं थांबलं तीच.

वीज अभियंत्यांच्या परिषदेत मी काय म्हटलं होतं ते तुम्हाला पाठ असेल. त्या थंडीचे सगळे आकडे मी प्रोग्रामला दिले. तुम्हाला त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढंच त्याला दिलं, एका अक्षराने जास्त नाही. बहुतेक तऱ्हांमध्ये अवकाळी पाऊस वेळेवर आला नाही. तलावात चिखल उरला आणि गाव कितीतरी दिवस अंधारात राहिलं. तुमच्या वाट्याला पाऊस आलेली तऱ्हा आली. मी पडद्यावर लिहिलं, 'निकाल चांगला, निर्णय वाईट.' तुम्ही पहिल्या रांगेत होतात. उठलात आणि सगळ्या सभागृहासमोरून बाहेर गेलात. दार बंद होण्याचा आवाज ध्वनिक्षेपकात आला.

दादा म्हणतो, आधी घरी सांगायचं होतंस. सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात, आणि मला तुम्ही यायला हवे होतात. कारण ते गणित माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गणित होतं. ते तुमच्या कामाबद्दल होतं म्हणूनच मी ते केलं होतं. हे मी तेव्हाही बरोबर केलं असं मानते, आताही मानते.

पण परिषदेत मी एक गोष्ट बोलले नव्हते. ती आजवर कोणाजवळच बोलले नाही.

त्या थंडीत, माझ्या परीक्षा तोंडावर असताना, तुम्ही मला आणि आईला मामाच्या गावी पाठवलंत. दादा तेव्हा वसतिगृहात होता. मामाच्या गावची वीज दुसऱ्या लाईनवर होती, आपल्या तलावाशी तिचा काही संबंध नव्हता. आई म्हणाली, "एवढं घाईचं काय आहे?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या भावाला बरं नाही." बस सुटताना खिडकीतून आईच्या हातात टॉर्च दिलीत आणि मला म्हणालात, "पुस्तकं घेतलीस ना सगळी?" सगळी घे, असं तुम्ही एरवी कधी म्हणायचा नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा मामा शिडीवर चढून भिंतीला रंग लावत होता. ठणठणीत. आम्हाला बघून ब्रश हातातून पडता पडता राहिला. मग आईने रोज फोनजवळची खुर्ची धरली. ताटावर बसायची आणि तशीच उठायची. पाऊस आल्याचा तुमचा फोन आला तेव्हा ती मामीच्या गळ्यात पडून रडली. मामीला वाटलं, हिला पावसाचं एवढं काय कौतुक.

बाबा, तुम्हाला पाऊस येणार हे माहीत नव्हतं. तो येणार नाही असंच तुम्हाला वाटत होतं. आम्ही दोघी मामाकडे होतो, एवढं एक वाक्य मी समितीसमोर बोलले तर साहेबांची धमक आणि जिन्याजवळचा फोटो दोन्ही एकदम खाली येतील.

मी ते वाक्य बोलणार नाही. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. माझा मुद्दा आकड्यांवर उभा राहत असेल तर राहील, नसेल तर पडू दे. कोणाला किती भीती वाटली होती त्याच्या जोरावर मला जिंकायचं नाही. आणि आई फोनजवळ कशी बसायची ते मी तपासनिसांच्या पुढ्यात सांगणार नाही, ते तिचं होतं.

मला तुमची आठवण येते. त्याचाही मला राग येतो.

चौकशीला वेळेवर या. तुम्ही येताच म्हणा.


२८ मार्च, सकाळ

बाबा,

तुम्ही फिरायला गेला आहात आणि मला कामावर निघायचं आहे. तुम्ही माझ्याच घरी मुक्कामाला असून पत्र लिहिते आहे म्हणून हसू नका. काल घरी आल्यापासून आपण जे काही बोललो, त्यात "साखर किती?" आणि "दिवा मालव" याच्या पुढे गाडी गेलेली नाही. तोंडाने हे सगळं बोलायला मला अजून महिना लागेल. शिवाय काल चौकशीत काय झालं ते लिहून ठेवलेलं बरं. दादाकडे परत गेलात की तुम्ही त्यातलं निम्मं नाकाराल.

न्यायाधीशबाईंनी सुरुवातीलाच तुम्हाला विचारलं, "ही तुमची मुलगी. तुम्हाला काही अडचण?" तुम्ही म्हणालात, "अडचण लहानपणापासून आहे." सगळी खोली हसली. मी हसले नाही. मला वाटलं, झालं, आता सोलणार.

साहेबांनी ठरवल्याप्रमाणे तुमची थंडी काढली. फोटोही खाली आणवला होता, टेबलावर उभा केला. धमक, अनुभव, गावाचा उजेड, सगळं म्हणून झालं. तुम्ही फोटोकडे बघून म्हणालात, "हा आधी हलवा इथून. यात माझं पोट फार सुटलेलं दिसतं." मग चष्मा पुसलात आणि माझ्याकडे वळलात. किती वर्षांनी तुम्ही मला थेट काही विचारलंत.

"तसंच सगळं पुन्हा समोर आलं तर काय करशील?"

"तेच करीन."

"गिरणी बंद?"

"गिरणीला आधी कळवीन. कामगार दारात येऊन परत गेले, तसं होऊ देणार नाही. बाकी तेच."

"आणि पुन्हा वारा सुटला तर?"

"सुटणार हे आधीच माहीत असेल तर तुम्ही मला विचारता कशाला?"

न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला. तुम्ही मान खाली घालून काहीतरी लिहिलंत. नंतर मी बघितलं, तुम्ही कागदावर नुसत्या रेघा ओढल्या होत्या.

मग तुम्ही उभे राहिलात. बसून बोलायचं असतं, उभं राहायची गरज नव्हती, पण तुम्ही राहिलात. म्हणालात, "साहेबांनी माझ्या धमकेची गोष्ट सांगितली. ती अर्धीच आहे. तलाव तळाला जाणार हे दिसत होतं, तेव्हा मी बायकोला आणि या मुलीला दुसऱ्या गावी पाठवलं होतं. मेव्हणा आजारी आहे अशी थाप मारून."

माझी नजर टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे लागली होती, ती मी तिथेच ठेवली. वर बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

"राखून मीही ठेवलं होतं," तुम्ही म्हणालात. "माझ्या घरापुरतं ठेवलं. दोन माणसं. बाकीचं गाव मी पावसाच्या भरवशावर सोडलं. हिने सगळ्या गावासाठी ठेवलं, आणि पाणी वाहून गेलं म्हणून तुम्ही हिला इथे उभं केलंय. माझा तुम्ही सत्कार केला होतात." एवढं बोलून तुम्ही बसलात आणि खुर्ची पुढे ओढून घेतलीत.

साहेब म्हणाले, "पण तुमचं गाव उजेडात राहिलं ना?"

तुम्ही म्हणालात, "राहिलं. त्यात माझा हात नव्हता." आणि मग हळू आवाजात, बहुतेक स्वतःशीच, "हे ही मुलगी मला आधीच सांगत होती."

माझं मन भरून आलं, बाबा. हे सरळ लिहून टाकते, कारण तोंडाने विचारलंत तर मी नाही म्हणणार.

राखीव पाण्याचा नियम राहिला. बाई आणि तुम्ही एका बाजूला, तपासनीस दुसऱ्या बाजूला. गिरणीला वेळेत कळवलं नाही याबद्दल माझ्या सेवापुस्तकात ठपका ठेवावा, ही ओळ तुम्हीच आग्रहाने घालायला लावलीत. बाईंना वाटलं तुम्ही समतोल साधताय. मला माहीत होतं, तुम्हाला खरंच तसं वाटतं. गिरणीचं तुम्ही बरोबर धरलंत.

साहेब जाताना मला म्हणाले, "पुढच्या थंडीत बघू." मी म्हटलं, "बघूच. तलाव बघायचा असेल तर तेवढं कपाट खिडकीसमोरून सरकवून घ्या."

गाडीत निम्म्या रस्त्यात तुम्ही अचानक म्हणालात, "तुझा मामा शिडीवर होता?"

"हो. रंग लावत होता."

"गाढव आहे. मी त्याला फोन करून बजावलं होतं, तुम्ही पोचेपर्यंत अंथरुणात पडून राहा म्हणून."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "चालव आता, मागे लोक भोंगे वाजवतायत." मागे कोणीच नव्हतं.

आता मुद्द्याचं. काल तुम्ही जे केलंत त्यामुळे मी माझं म्हणणं मागे घेईन असं तुम्हाला, किंवा दादाला, वाटत असेल तर ते काढून टाका. पुढच्या महिन्यात परिषद आहे. तुमच्या थंडीचा तो भाग मी तसाच दाखवणार आहे. 'निकाल चांगला, निर्णय वाईट.' त्यातलं एक अक्षरही बदलणार नाही. या वेळी त्याच्यापुढे दुसरा भाग जोडला आहे. त्यात माझा तलाव आहे, सांडव्यावरून वाहणारं पाणी आहे आणि पुलावर उभे राहून फोटो काढणारे लोक आहेत. त्याखाली लिहिलंय, 'निर्णय चांगला, निकाल वाईट.' हे दोन शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय गणित पूर्ण होत नाही. मागच्या वेळी माझ्याकडे दुसरा भाग नव्हता. आता आहे.

लोक मला हसतील. तुम्हालाही कदाचित हसतील. हसू देत.

चहाचं पातेलं ओट्यावर आहे, फक्त गरम करा. किल्ली खिडकीत. परतीचं तिकीट मी टेबलावर बघितलं, ते रद्द करून महिनाभर पुढचं काढलं आहे. तुमच्या ठरलेल्या बेतात ढवळाढवळ केली म्हणून चिडायचं असेल तर संध्याकाळी चिडा, मी घरी असेन.

सभागृहात पहिल्या रांगेतली खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे. मी तुमचं चुकलं म्हणून दाखवणार आहे, सगळ्यांसमोर, पुन्हा. तुम्ही या. आणि या वेळी शेवटपर्यंत बसा.

तुमची,
शंकासुर